कोंबड्यांचे पिण्याचे पाणी : भांडे कोणते निवडाल?
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



मी कृषिविद्येचा शिक्षक आहे, पशुवैद्यक नाही. त्यामुळे कोंबड्यांच्या रोगांवर औषधे सांगण्याचा मला अधिकार नाही आणि मी ती सांगणारही नाही. पाणी मात्र माझ्या विषयात मोडते. केळीला पाणी किती द्यावे, कपाशीला केव्हा द्यावे, ठिबकची नळी कोणती घ्यावी, हे आपण मला नेहमी विचारता. पण दारातल्या कोंबड्यांना पाणी कशात देता, असे मी विचारले की जळगावकडे काय आणि धुळ्याकडे काय, एकच उत्तर मिळते, "असतं काहीतरी ठेवलेलं." हे 'काहीतरी' म्हणजे फुटकी घमेली, टायरचा अर्धा तुकडा, जर्मनची जुनी थाळी किंवा हौदाच्या नळाखाली साचलेले डबके. आज मला त्याविषयीच बोलायचे आहे. घरोघरी कोंबड्यांचे काम बहुधा भगिनीच पाहतात, तेव्हा त्यांनी हे विशेष लक्ष देऊन ऐकावे.

कोंबडी जितके खाद्य खाते त्याच्या साधारण दुप्पट वजनाचे पाणी पिते. मोठ्या अंड्यावरच्या कोंबडीला हिवाळ्यात दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पुरते. आपल्या एप्रिल-मेमध्ये तेच प्रमाण दुपटीपर्यंत जाते. म्हणजे पंचवीस कोंबड्यांना मे महिन्यात रोज १० ते १२ लिटर पाणी हवे. अंड्यात तीन चतुर्थांश भाग पाणीच असते. एक दिवस पाणी तुटले तर तोटा त्या दिवसापुरता राहत नाही, पुढे कित्येक दिवस अंडी कमी मिळतात. खाद्य महाग असते म्हणून आपण ते मोजून टाकतो. पाणी फुकटचे म्हणून त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

कोंबडीला घाम येत नाही. उष्णता बाहेर टाकण्याचा तिचा मुख्य मार्ग म्हणजे चोच उघडी ठेवून धापा टाकणे. धापेबरोबर शरीरातले पाणी वाफ होऊन जाते आणि अंग थंड राहते. जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा तिचा जीव या एकाच सोयीवर टिकून असतो. मात्र भांड्यात पाणी असणे आणि कोंबडीने ते पिणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणी ३० अंशांपेक्षा गरम झाले की कोंबडी पिणे कमी करते, म्हणजे ज्या वेळी जास्त प्यायला हवे नेमके त्याच वेळी ती भांड्यापासून दूर राहते.

एरंडोल तालुक्यातील एका वस्तीवर मे महिन्यात एका ताईंच्या तीस गिरिराज कोंबड्यांपैकी सात एका दुपारीच मेल्या. "पाणी तर सकाळीच भरेल होतं, सर," असे त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. भरलेले होते हे खरेच. काळ्या प्लॅस्टिकच्या बादलीत, अंगणाच्या मध्यभागी, उन्हात. त्या पाण्यात मी बोट घातले तर चटका बसावा इतके ते तापलेले होते. मानमोडीची साथ असेल असे शेजारच्यांचे म्हणणे पडले. पण उरलेल्या तेवीस कोंबड्यांना निंबाच्या सावलीत, माठातले पाणी मिळू लागले आणि त्यानंतर मरतुक झाली नाही. त्या ताईंच्या हातात आठवड्याच्या बाजाराला अंड्यांचेच पैसे येत असत, म्हणून त्या सात कोंबड्यांचे मोल केवळ मांसाच्या भावाने करता येणार नाही.

आता पाणी कोठले द्यावे ते पाहू. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी आपण शेतीसाठी तपासून घेतो. त्याच अहवालात 'विद्युत वाहकता' असा एक आकडा असतो. त्याला ६४० ने गुणले की एका लिटरमध्ये अंदाजे किती मिलिग्रॅम क्षार आहेत ते कळते. वाहकता २ आली तर क्षार १२८० मिलिग्रॅम झाले. कोंबडीला लिटरमागे १००० मिलिग्रॅमपर्यंत काहीच अडचण नाही. ३००० पर्यंत चालते, पण विष्ठा पातळ होऊ शकते आणि लोक त्याला हगवण समजून औषधे आणतात. ३००० च्या पुढचे पाणी कोंबड्यांना देऊ नये. म्हणजे वाहकता साडेचार-पाचच्या घरात गेली की ती विहीर कोंबड्यांसाठी बाद समजावी. कपाशी खारे पाणी बऱ्यापैकी सोसते. कपाशीला चालले ते कोंबडीला चालेलच, असे समजू नका. उकिरड्याला लागून असलेल्या विहिरीत, तसेच युरिया सढळ हाताने पडणाऱ्या शिवारात, पाण्यात नायट्रेट उतरते. असे पाणी माणसांनाही वाईट, कोंबड्यांनाही वाईट, आणि लहान मुलांना तर फारच वाईट. ही तपासणी कराल तर घरासाठीही उपयोगी पडेल.

अलीकडे खेड्यांतही पाणी शुद्ध करणारी आरओ यंत्रे आली आहेत. यंत्रातून बाहेर पडणारे टाकाऊ पाणी वाया जाऊ नये म्हणून कोंबड्यांच्या भांड्यात ओतलेले मी अनेक घरी पाहिले. भावना चांगली आहे, पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षाही जास्त क्षार असतात. ते फरशी पुसायला वापरा. कोंबड्यांना मूळ नळाचेच पाणी द्या. कोंबड्यांसाठी आरओचे शुद्ध पाणी घेण्याचीही काही गरज नाही.

आणखी एक बाब कडक शब्दांत सांगतो. फवारणीचा ड्रम, औषधाचा रिकामा डबा, खत विरघळवण्याची टाकी यांतले पाणी कोंबड्यांना कधीही देऊ नका, दहा वेळा धुतले असले तरी नाही. तसेच ठिबकच्या नळीतून थेंबथेंब पडणारे पाणी कोंबड्या केळीच्या बागेत आवडीने पितात. ज्या दिवशी ठिबकमधून खत किंवा आम्ल सोडले असेल त्या दिवशी त्यांना बागेबाहेर कोंडून ठेवावे.

पाणी चांगले असूनही बहुतेक ठिकाणी ते भांड्यात येऊन बिघडते. म्हणून निवड करायची ती प्रामुख्याने भांड्याची.

उघडी थाळी सर्वांत स्वस्त आणि धुण्यास सर्वांत सोपी, पण कोंबडी तिच्यात पाय घालते, माती उकरून टाकते, काठावर बसून शिटते. एक आजारी कोंबडी प्याली की तेच पाणी सर्वजणी पितात. थाळीच ठेवायची असेल तर ती विटांवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवावी आणि पाणी दिवसातून तीनदा ओतून नवे भरावे. ज्यांना हे जमत नाही त्यांनी उघड्या थाळीचा नाद सोडावा, असे माझे मत आहे.

दुसरे भांडे म्हणजे उलट्या डब्याचे, ज्यात पाणी आपोआप खालच्या ताटलीत उतरते आणि ठराविक पातळीला थांबते. बाजारात तयार मिळते, घरीही होते. खाद्यतेलाचा पाच लिटरचा घट्ट झाकणाचा डबा स्वच्छ धुऊन घ्या. तळापासून दोन-अडीच सेंटिमीटर उंचीवर बोटाएवढे छिद्र पाडा. डबा अशा ताटलीत उभा ठेवा की ताटलीचा काठ त्या छिद्रापेक्षा वर येईल. छिद्रावर बोट धरून डबा भरा, झाकण घट्ट लावा आणि बोट काढा. छिद्र बुडेपर्यंत ताटलीत पाणी येईल व थांबेल. झाकणातून हवा शिरत असेल तर पाणी थांबणार नाही, सगळे वाहून जाईल. हे भांडे उन्हात ठेवू नये याला दुसरेही एक कारण आहे. अर्धा डबा रिकामा झाला की आतली हवा तापून फुगते आणि पाण्याला बाहेर ढकलते. ताटली भरून वाहते, खालचा भुसा भिजतो आणि आपल्याला वाटते की कोंबड्यांनी सांडले. पांढऱ्या पारदर्शक डब्यात उजेडामुळे शेवाळ धरते, म्हणून बाहेरून गोणपाट गुंडाळावे. ते ओले ठेवले तर पाणी गारही राहते.

माठाचा उपयोग आपल्याकडे फार चांगला होतो, कारण खान्देशचा उन्हाळा कोरडा असतो आणि कोरड्या हवेत माठ चांगला पाझरतो. माठातले पाणी भांड्यात ओतून द्यावे, किंवा लहान माठाच्या गळ्याजवळ छिद्र पाडून तो भरून थाळीत पालथा घालावा. अडचण इतकीच की आपल्याकडचे जड पाणी माठाची छिद्रे क्षारांनी बुजवते आणि आतून बुळबुळीत थर बसतो. म्हणून दोन माठ ठेवावेत. एक वापरात, दुसरा काथ्याने घासून उन्हात वाळत. दर दोन-तीन दिवसांनी अदलाबदल करावी. पावसाळ्यात दमट हवेत माठाचा फारसा फायदा नाही.

चौथा प्रकार निपलचा. पाइपला लावलेल्या छोट्या पितळी किंवा स्टीलच्या कळीला चोच लावली की थेंब पडतो. पाण्यात विष्ठा पडत नाही, भुसा कोरडा राहतो, पाणी वाया जात नाही. स्वच्छतेच्या दृष्टीने हाच प्रकार श्रेष्ठ आहे आणि शंभराच्या वर पक्षी असतील तर मी याचीच शिफारस करतो. दहा-बारा पक्ष्यांना एक निपल धरावे. कोंबडीला मान थोडी वर ताणून पिता येईल इतक्या उंचीवर पाइप असावा. पाण्याची टाकी पाइपापासून फूट-दीड फूट उंच पुरे. गच्चीवरच्या टाकीचा थेट दाब दिला तर निपल गळतात.

तरीही वीस-पंचवीस कोंबड्या असलेल्या घराला मी निपल घ्या असे म्हणत नाही. थाळी रिकामी झाली तर येता-जाता दिसते, पण निपल बंद पडले तर ते बाहेरून दिसत नाही. ठिबकचे ड्रीपर क्षारांनी आणि गाळाने कसे बुजतात हे आपल्याला मी सांगायला नको. निपलचेही तसेच होते. ठिबकला जशी जाळीची गाळणी लागते तशी येथेही लागते आणि रोज सकाळी प्रत्येक निपल बोटाने दाबून पाहावे लागते. मेमध्ये दुपारी पाइपातले पाणी तापते, ते शेवटच्या टोकाने सोडून द्यावे लागते. हे रोज करणारे माणूस घरात असेल तरच निपल लावा. शिवाय उघड्या भांड्याची सवय असलेल्या पक्ष्यांना निपल लगेच कळत नाही. चार-पाच दिवस दोन्ही ठेवावे आणि सर्वजणी निपलवर पिताना दिसल्यावरच जुने भांडे काढावे.

थोडक्यात निवड अशी करा की भांड्यात कोंबडीला पाय घालता येऊ नये, ते सावलीत ठेवता यावे आणि घरातल्या माणसाला रोज धुता यावे. अरुंद तोंडाची, कोपऱ्यांची, आत हात न जाणारी भांडी दिसायला कितीही चांगली असली तरी घेऊ नका. एकाऐवजी दोन भांडी घ्या आणि दोन ठिकाणी ठेवा, म्हणजे दांडग्या कोंबड्या दुबळ्यांना हुसकावणार नाहीत.

भांडे आतून बोटाने चोळून बघा. बुळबुळीत लागले तर तो जंतूंचा थर समजा. नुसते पाणी हिसळून तो जात नाही, घासणीने घासूनच काढावा लागतो. रोज घासावे आणि आठवड्यातून एकदा १० लिटर पाण्यात चहाचा एक चमचा ब्लिचिंग पावडर टाकून त्यात भांडी पंधरा-वीस मिनिटे बुडवून ठेवावी, मग स्वच्छ धुऊन उन्हात वाळवावी. आधी घासा, मग बुडवा. घाणीवर ब्लिचिंग पावडर फुकट जाते.

पिण्याच्या पाण्यासाठी चांगल्या प्रतीची ब्लिचिंग पावडर १००० लिटरला ५ ग्रॅम पुरते. २०० लिटरच्या ड्रमला १ ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याचा जेमतेम पाव भाग. ती थोड्या पाण्यात कालवावी, गाळ खाली बसू द्यावा, वरची निवळी ड्रममध्ये टाकावी आणि अर्धा तास थांबावे. पाऊस पडल्यावर विहिरीचे पाणी गढूळ होते, तेव्हा आधी तुरटी फिरवून निवळून घ्यावे. पुडी उघडी राहिली तर पावडरीचा जोर जातो, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. एक गैरसमज मात्र दूर करतो. रक्ती हगवणीचे जंतू ब्लिचिंगने मरत नाहीत. ते वाढतात ओल्या भुशात, भांड्याभोवतीच्या चिखलात. पिल्लांना रक्ती हगवण लागू नये असे वाटत असेल तर भांड्याखाली जाळी किंवा विटा ठेवा आणि ओला झालेला भुसा रोज काढा.

आता उघड्या डबक्यांविषयी. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्ल्यू आढळला. देशात पाळीव कोंबड्यांत हा रोग निश्चित होण्याची ती पहिलीच वेळ होती. नवापूर आज नंदुरबार जिल्ह्यात असले तरी १९९८ पर्यंत ते धुळे जिल्ह्यातच होते. २०२१ मध्ये तेथे हा रोग पुन्हा आला. दोन्ही वेळी कोंबड्या लाखोंच्या संख्येने नष्ट कराव्या लागल्या. या रोगाचे विषाणू रानबदकांसारख्या पाणपक्ष्यांच्या आतड्यात राहतात, विष्ठेतून पाण्यात उतरतात आणि थंड पाण्यात बरेच दिवस टिकतात. हिवाळ्यात हतनूरच्या जलाशयावर दूरदेशीची बदके उतरतात, आपल्या शेततळ्यांवरही उतरतात. बदके येवोत, त्यांना त्रास देण्याचे कारण नाही. आपल्या कोंबड्यांनी ते पाणी पिऊ नये इतकेच पाहावे. शेततळ्याचेच पाणी द्यायचे असेल तर ब्लिचिंग करून द्या. चिमण्यांसाठी उन्हाळ्यात पाण्याचे भांडे ठेवण्याची आपल्याकडे चांगली रीत आहे. ती जरूर पाळा, पण ते भांडे कोंबड्यांच्या भांड्यापासून दूर, उंचावर टांगा. कोंबड्या अचानक मोठ्या संख्येने मरू लागल्या तर त्या नाल्यात फेकू नका, विकू नका, कापू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात ताबडतोब कळवा. १९६२ हा पशुसंवर्धनाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांकही आहे.

मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लासोटा लस अनेकदा पाण्यातून देतात. ही लस जिवंत असते आणि ब्लिचिंगच्या पाण्यात ती मरते. लस दिल्याचे समाधान मिळते, संरक्षण मात्र मिळत नाही. म्हणून लसीच्या दिवशी, आणि आदल्या व नंतरच्या दिवशीही, बिनब्लिचिंगचे पाणी वापरावे. भांडी साबणाचा अंशही न राहील अशी धुवावी. गंजलेली पत्र्याची भांडी घेऊ नयेत. पाण्यात लिटरला २ ते ५ ग्रॅम साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळावी. आधी तास-दोन तास पाणी बंद ठेवावे, म्हणजे लसीचे पाणी दोन तासांच्या आत संपते. उन्हाळ्यात हे काम भल्या पहाटे करावे.

पिल्ले आणली असतील तर घरी पोचताच आधी पाणी, मग खाद्य. त्यांना पसरट, उथळ भांडे द्यावे आणि त्यात स्वच्छ गोटे टाकावे, नाहीतर पिल्ले बुडतात. प्रवासाच्या शिणवट्यासाठी गुळाचे पाणी द्यायला हरकत नाही, पण दोन-तीन तासांत ते आंबू लागते, तेव्हा उरलेले ओतून भांडे घासून घ्यावे.

काही घरी कबुतरे असतात. कोंबडी चोचीत घोट घेऊन मान वर करते, कबूतर चोच बुडवून सलग ओढून पिते. म्हणून कबुतरांच्या भांड्यात किमान बोटाच्या दोन पेरांइतके खोल पाणी हवे, आणि अंघोळीसाठी वेगळी परात. पिंजऱ्यातल्या लव्हबर्डना लहान बाटलीचे भांडे चालते, ते बसायच्या दांडीच्या खाली येणार नाही असे लावावे. आपला रानातला पोपट मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे पिंजऱ्यात ठेवताच येत नाही, तेव्हा त्याच्या भांड्याची चर्चा येथे करीत नाही.

मृग लागल्यावर उन्हाळ्यातली भांड्यांची जागा बदला. निंबाखालची जागा तेव्हा चिखलाची होते. भांडी गोठ्याच्या पडवीत, पागोळ्या पडणार नाहीत अशा उंचवट्यावर आणावी. पत्र्यावरून गळणारे पहिल्या पावसाचे पाणी भांड्यात धरू नये. त्यात पत्र्यावर साचलेली धूळ आणि पाखरांची शीट असते.